मोलोकाईचे फादर डेमियन

भूगोलाच्या तासाला जगाचा नकाशा पाहताना पॅसिफिक महासागराच्या विस्तीर्ण निळ्या पृष्ठावर काही बारीक ठिपके दिसतात. तीच हवाई बेटे. त्यांपैकी मोलोकाई नावाच्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर जिभेच्या आकाराचा एक सखल भूभाग समुद्रात शिरलेला आहे. त्याच्या तीन बाजूंस खवळलेले पाणी व चौथ्या बाजूस सुमारे दोन हजार फूट उंचीचा सरळ तुटलेला कडा. सह्याद्रीतील एखाद्या किल्ल्याचा कडा ज्यांनी पायथ्याशी उभे राहून पाहिला असेल, त्यांस या स्थळाची कल्पना येईल. पहारेकऱ्याची गरज नसलेला तो एक तुरुंगच होता. १८६६ सालच्या जानेवारी महिन्यात नऊ पुरुष व तीन स्त्रिया अशी बारा माणसे जहाजातून आणून तेथे उतरविण्यात आली. त्यांनी अपराध कोणताच केला नव्हता. त्यांस कुष्ठरोग झाला होता.

हा रोग हवाई बेटांत मूळचा नव्हता. परदेशी जहाजांबरोबर ज्या अनेक व्याधी तेथे आल्या त्यांतीलच तो एक. देवी, गोवर इत्यादी साथींनी तेथील प्रजा आधीच झपाट्याने घटत चालली होती. त्यात हा नवा रोग पसरू लागल्यामुळे राजा पाचवा कामेहामेहा याच्या राजवटीत १८६५ साली एक कायदा झाला, आणि ज्याच्या अंगावर रोगाची खूण दिसेल त्यास घरातून उचलून दूर ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. तो कशाने होतो हेही कोणास ठाऊक नव्हते. तेव्हा सरकारच्या हेतूविषयी आम्ही संशय घेत नाही. परंतु त्या कायद्याने घरेच्या घरे मोडली. आई लेकरास आणि पती पत्नीस एकदा बंदरावर निरोप देई तो कायमचाच. हवाई लोकांनी आपल्या भाषेत या रोगास जे नाव दिले, त्याचा अर्थ ताटातूट करणारा रोग असा होतो. बोटे झडतात, मुख विद्रूप होते, शरीरास दुर्गंधी येते. परंतु नाव ठेवताना त्या लोकांनी ही लक्षणे बाजूस सारली व ताटातूट हेच लक्षण निवडले. त्यांस कोणते दुःख असह्य वाटत होते हे यावरून कळते.

म्हणूनच कित्येक निरोगी माणसे आपल्या रोगी आप्तांबरोबर स्वखुशीने त्या बेटावर जात. नवऱ्याबरोबर बायको जाई, मुलाबरोबर आई जाई. अशा सोबत्यांस तेथे कोकुआ, म्हणजे साहाय्य करणारा, असे म्हणत असत. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. ज्या थोर पुरुषाची हकीकत आम्ही येथे सांगत आहो तो त्या किनाऱ्यावर उतरला, त्यापूर्वी सात वर्षे ही साधी माणसे तेच करीत आली होती, एवढे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

बेल्जम देशातील त्रेमेलो नावाच्या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जोसेफ डी व्हुस्टर याचा जन्म झाला. आईबापांचे हे सातवे अपत्य. घरी शेती असून वडील धान्याचा व्यापार करीत. मुलगा अंगापिंडाने धट्टाकट्टा व हातांनी कामसू असल्यामुळे तो आपला व्यापार पुढे चालवील अशी वडिलांस आशा होती. फ्रेंच भाषा यावी म्हणून त्यांनी त्यास परगावी शिकावयासही ठेवले. परंतु जोसेफचा वडील भाऊ लूव्हेन येथे येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल होऊन पांफिल या नावाने धर्मगुरू होण्याच्या मार्गास लागला होता. या भावावर जोसेफचे निरतिशय प्रेम होते. १८५९ साली तोही त्याच मठात गेला व डेमियन हे नाव धारण करून राहिला. अभ्यासात कच्चा म्हणून वरिष्ठांनी आरंभी त्यास धर्मगुरूच्या शिक्षणास योग्य मानले नाही. पांफिल त्यास लॅटिन शिकवू लागला आणि शिष्याची प्रगती पाहून वरिष्ठांस आपला विचार बदलावा लागला. वर्गात मागे पडणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ही गोष्ट आवडेल, आणि ज्यांस मोठा भाऊ आहे त्यांस अधिकच आवडेल.

हवाई बेटांवर जाण्यासाठी १८६३ साली पांफिलची निवड झाली. सर्व तयारी झाली आणि ऐनवेळी तो तापाने अंथरुणास खिळला. धाकट्या भावाने कोणास न विचारता पॅरिस येथील मुख्य अधिकाऱ्यांस पत्र धाडले व आपणास भावाच्या जागी पाठवावे अशी विनंती केली. अद्याप त्यास गुरुदीक्षाही मिळाली नव्हती. तरी परवानगी आली. हिवाळ्याच्या तोंडी जहाजावर चढून १९ मार्च १८६४ रोजी तो होनोलुलूस पोहोचला व त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेथे त्याची गुरुदीक्षा झाली. आईवडिलांची व त्याची पुन्हा कधीही भेट झाली नाही.

यानंतरची नऊ वर्षे फादर डेमियन यांनी हवाई नावाच्याच मोठ्या बेटावर, प्रथम पुना व नंतर कोहाला या प्रांतांत काढली. ज्वालामुखीच्या राखेने माखलेल्या वाटा तुडवीत ते गावोगाव हिंडत, स्वतः तुळया वाहून लहान लहान प्रार्थनामंदिरे बांधीत, लोकांची भाषा बोलत. लोकांचा त्यांजवर लोभ जडला. तथापि दुसरा धर्मगुरू कोसोगणती दूर असल्यामुळे त्यांस एकटेपणा फार जाचे, व सोबतीस कोणी द्यावे अशी मागणी ते पत्रांतून वारंवार करीत. हा माणूस एकांतप्रिय तपस्वी नव्हता. त्यास माणसांची भूक होती, आणि अशा माणसाने पुढे मोलोकाई पत्करावे यात आम्हास विशेष वाटते.

१८७३ सालच्या मे महिन्यात बिशप मैग्रे यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत धर्मगुरू नसल्याचे दुःख आपल्या गुरुजनांपुढे मांडले. कोणास कायमचे तेथे पाठविण्याचा त्यांस धीर होत नव्हता; म्हणून चौघांनी आळीपाळीने जावे असे ठरले. पहिली पाळी फादर डेमियन यांनी मागून घेतली. १० मे रोजी नवे रोगी व गुरे घेऊन जाणाऱ्या जहाजातून ते बिशपांबरोबर तेथे उतरले. त्या वेळी त्यांचे वय तेहेतीस वर्षांचे होते. वसाहतीत सुमारे सहाशे रोगी होते. राहण्यास घर नव्हते, म्हणून आरंभीचे कित्येक दिवस त्यांनी एका केतकीच्या जातीच्या झाडाखाली झोपून काढले. पाळीचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण त्यांनी तेथून परत येण्याचे नावच काढले नाही.

थोड्याच अवधीत आरोग्य खात्याने त्यांच्यावर निर्बंध घातला. वसाहतीत राहावयाचे असेल तर रोग्यांप्रमाणेच राहावे, बाहेर जाता येणार नाही. हा निर्बंध पुढे शिथिल झाला. परंतु तो कडक असताना घडलेला एक प्रसंग असा आहे. कॅथलिक पंथात धर्मगुरूसही आपल्या पापांचे निवेदन दुसऱ्या धर्मगुरूपाशी करावे लागते, व ते एकांतात आणि हलक्या आवाजात करावयाचे असते. फादर डेमियन यांचे एक वरिष्ठ जहाजातून त्या किनाऱ्यावर आले. कप्तानाने त्यांस खाली उतरू दिले नाही व डेमियन यांसही वर चढू दिले नाही. तेव्हा डेमियन यांनी लहान होडीत उभे राहून, लाटांच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या पापांचा पाढा वाचला आणि वरून क्षमावचन घेतले. एवढ्यासाठी दुसऱ्या माणसाची गाठ पडणे त्यांस किती आवश्यक वाटत होते!

त्यांस रोगाची किळस आली नाही असे कोणी समजू नये. झोपडीत रोग्याजवळ बसले असता दुर्गंधीमुळे त्यांस धापा टाकीत बाहेर यावे लागे, आणि तो वास मारण्यासाठी ते तंबाखूची चिलीम ओढू लागले, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. वरिष्ठांनी निघतानाच त्यांस रोग्यांस स्पर्श न करण्याविषयी सूचना दिली होती. परंतु त्या देशाची रीत अशी की, कंदाच्या लगद्याचे पोई नावाचे अन्न एका मोठ्या भोपळ्यात ठेवून सर्वांनी भोवती बसावे व त्यात बोटे घालून खावे. आपल्याकडे घरी आलेल्या पाहुण्याने पाण्यालाही न शिवता उठावे, तर यजमानास जे वाटेल तेच त्या लोकांस वाटत असे. फादर डेमियन भोपळ्याभोवती बसून जेवू लागले. त्यांची चिलीम हातोहात फिरू लागली. जखमा धुणे, पट्ट्या बांधणे, मरणोन्मुख रोग्याच्या हातापायांस पवित्र तेल लावणे ही कामे ते उघड्या हातांनी करीत.

आणि ते उपदेशास उभे राहिले म्हणजे आपण कुष्ठरोगी असा शब्दप्रयोग करीत. तुम्ही कुष्ठरोगी असे ते म्हणत नसत. पहिल्याच वर्षी भाऊ पांफिल यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही गोष्ट कळविली आहे, व त्या वेळी त्यांच्या अंगावर रोगाचा डाग नव्हता. मराठीत आम्ही आणि आपण हे दोन शब्द निराळे आहेत; पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो व दुसऱ्यात तो आत येतो. हवाई भाषेतही असाच भेद आहे. इंग्रजीतून हे चरित्र वाचणाऱ्यास या गोष्टीतील गोडी पुरती कळत नाही असे आम्हास वाटते.

एक योगायोग येथे नोंदवितो. फादर डेमियन ज्या साली मोलोकाईस उतरले त्याच १८७३ साली नॉर्वे देशात डॉक्टर हान्सेन यांस या रोगाचे सूक्ष्म जंतू आढळले. आज आपणास ठाऊक आहे की, हा रोग सहजासहजी लागत नाही, बहुतेक माणसांच्या शरीरास त्याचा प्रतिकार निसर्गतःच करता येतो, आणि नियमाने औषध घेतल्यास तो सहा महिने ते एक वर्षात बरा होतो. त्या काळी यांपैकी काहीही माहीत नव्हते. आजच्या ज्ञानावरून त्यांच्या धाडसास अविचार म्हणणे किंवा ते धाडस लहान लेखणे, दोन्ही अन्यायाचे होईल.

त्यांनी केलेल्या कामाची यादी मोठी आहे. ती आम्ही थोडक्यात उरकतो. दरीतील बारमाही पाण्याचा साठा त्यांनी शोधला व सरकारकडून आलेले नळ रोग्यांच्या हातभाराने बसवून पाणी वस्तीत आणले. १८७४ साली वादळाने झोपड्या उडाल्या तेव्हा लाकूड मिळवून त्यांनी पक्की लाकडी घरे उभारण्यास आरंभ केला. अनाथ मुलांसाठी व मुलींसाठी वेगवेगळी गृहे काढली. त्यांपैकी एका कामाविषयी मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे. ते येण्यापूर्वी ज्याच्याजवळ पैसा नसे त्याचे प्रेत पेटीवाचून कसेबसे पुरले जाई. फादर डेमियन स्वतः सुतारकाम करून पेट्या बनवू लागले, व अशा शेकडो पेट्या त्यांच्या हातून झाल्या. रोग्यांची एक मंडळी त्यांनी स्थापन केली, व तिच्या वाद्यांच्या गजरात प्रत्येकाची अंत्ययात्रा निघू लागली. बोटे नसलेल्या माणसांनी वाद्ये वाजविणे व गळा बसलेल्यांनी गाणे हे पाहुण्यांस प्रथम चमत्कारिक वाटे. परंतु ज्यास जगाने जिवंतपणीच वजा केले, त्याच्या मागे चालावयास कोणीतरी आहे हे प्रत्येकास मरणापूर्वीच कळू लागले, आणि त्याचा परिणाम जगण्यावर झाला. दारू व मारामारी यांत दिवस घालविणारी वस्ती हळूहळू बागा लावू लागली, घरांस रंग देऊ लागली. १८८१ साली राज्यकारभार पाहणारी राजकन्या लिलिउओकलानी वसाहत पाहण्यास आली, तेव्हा तिला अश्रूंमुळे भाषण करवेना. तिने परत गेल्यावर फादर डेमियन यांस राज्याचे मानचिन्ह पाठविले.

असे असूनही ते सर्वांशी गोडीने वागत असे म्हणणे खरे होणार नाही. ते हट्टी व तापट होते. जी दोन धर्मगुरू मंडळी निरनिराळ्या वेळी त्यांच्या सोबतीस आली, त्यांच्याशी त्यांचे पटले नाही. इंग्लंडातून आलेल्या देणग्यांवरून व वर्तमानपत्रांतील स्तुतीवरून वरिष्ठांचा त्यांजवर रोष झाला. हा कीर्तीच्या मागे लागला आहे असे त्यांस वाटू लागले. रोग्यांत रमणाऱ्या या पुरुषास आपल्याच पेशाच्या माणसांत रमता आले नाही. यात दोष कोणाचा किती, हे ठरविण्याचा आम्हास अधिकार नाही.

१८८४ सालच्या डिसेंबर महिन्यात एके दिवशी थकून आल्यावर त्यांनी पाय शेकण्यासाठी पाण्यात घातले. पाणी उकळते होते. कातडीस फोड आले, परंतु वेदना झाली नाही. कुष्ठरोगात संवेदना नष्ट होते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? पुढील वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. घरी ही वार्ता कळू नये असा त्यांनी प्रयत्न केला, पण ती वर्तमानपत्रांतून बेल्जमला पोहोचलीच. १८८६ साली त्यांची वृद्ध माता वारली.

रोगापेक्षाही त्यांस या काळात एकटेपणा अधिक बाधला. १८८५ पासून १८८८ पर्यंत त्यांच्याजवळ दुसरा धर्मगुरू नव्हता. पापनिवेदनास कोणी मिळत नसे. आपण ईश्वराच्या कृपेस पात्र आहो की नाही अशी शंका त्यांचे मन पोखरू लागली. हजारो लोक ज्यांचे गुण गात होते ते स्वतः अशा अंधारातून चालले होते. या दिवसांत त्यांस रोग्यांनीच धरून ठेवले, असे आम्हास वाटते. मुलांच्या पंक्ती, रोजचे आजारी, नव्या प्रार्थनामंदिराचे छप्पर, यांतून उठून जाण्यास सवडच नव्हती.

मग एकामागून एक सोबती येऊ लागले. जुलै १८८६ मध्ये जोसेफ डटन नावाचा, अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेला एक गृहस्थ बोलावणे नसता येऊन उभा राहिला. फादर डेमियन यांनी त्यास भाऊ मानले. त्यानेही हे नाते असे पाळले की, १९३१ साली मृत्यू येईपर्यंत त्याने त्या वसाहतीची सेवा केली. १८८८ साली मूळचे बेल्जमचे फादर कॉनरार्डी व नोव्हेंबरमध्ये मदर मारियान कोप आणि त्यांच्या भगिनी दाखल झाल्या. आपल्यामागे मुलींचे काय होईल ही त्यांची चिंता त्या दिवशी मिटली.

त्याच डिसेंबरात एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार भेटीस आला. तो पूर्वी हिंदुस्थानात हिंडलेला होता, आणि त्याने बरोबर गर्जन तेलाची पेटी आणली होती. अंदमान बेटांवर एका इंग्रज डॉक्टराने कुष्ठरोगी कैद्यांवर हे तेल वापरून पाहिले होते. तेलाने रोग हटला नाही. काही दिवस थोडा आराम मात्र पडला. क्लिफर्डने त्यांचे चित्र काढले. ते पाहून आपले मुख इतके विद्रूप झाले आहे हे फादर डेमियन यांस प्रथमच नीट उमगले. चित्र भावास पाठविण्याची त्यांची छाती झाली नाही.

१५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्यातील सोमवारी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. जे झाड त्यांचे पहिले घर झाले होते त्याच्याच खाली त्यांस पुरण्यात आले.

मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत प्रसिद्ध ग्रंथकार स्टीव्हन्सन मोलोकाईस जाऊन आला. पुढे होनोलुलूतील एका धर्मोपदेशकाने फादर डेमियन यांची निंदा केली, तेव्हा स्वतः प्रोटेस्टंट असूनही स्टीव्हन्सनने १८९० साली त्यास जाहीर उत्तर दिले, आणि त्यात डेमियन यांचे दोष लपविले नाहीत. इंग्लंडात त्यांच्या स्मरणार्थ निधी उभारण्यात आला व त्यातून १८९० साली कुष्ठरोगाच्या चौकशीसाठी एक मंडळ हिंदुस्थानात आले. रोग्यांच्या संसर्गाने रोग फैलावण्याचा संभव फारच थोडा आहे, असा त्या मंडळाचा निर्णय झाला. तरीही हवाई बेटांत रोग्यांस दूर ठेवण्याचा नियम १९६९ पर्यंत चालू राहिला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी फादर डेमियन यांस संतपद दिले.

पांफिल, ज्याच्या जागी डेमियन गेले तो वडील भाऊ, १८९५ साली पन्नाशी उलटल्यावर स्वतः मोलोकाईस आला. परंतु त्यास तेथे करमले नाही व दोन वर्षांनी तो परत गेला. फादर डेमियन यांचा देह १९३६ साली बेल्जम सरकारच्या विनंतीवरून उकरून मोठ्या सन्मानाने लूव्हेन येथे नेण्यात आला. तेव्हा वसाहतीतील रोगी अतिशय कष्टी झाले. आपले माणूस आपल्यापासून नेले असेच त्यांस वाटले. पुढे सुमारे साठ वर्षांनी, १९९५ साली, त्यांच्या अवशेषांपैकी उजवा हात मोलोकाईस परत पाठविण्यात आला व त्यांच्या जुन्या कबरीत पुरण्यात आला. वसाहतीतील जे थोडे वृद्ध रहिवासी तेव्हा हयात होते, ते त्यास सामोरे गेले होते.